गंगैकोंडानची चाळीस मिनिटं

सही आपली नाही, हे ओळखायला गोदाला क्षणभरच लागला. 'गोदावरी'तल्या 'री'ची वेलांटी तिच्या हातून कायम घाईत अर्धीच उतरायची. शाळेच्या हजेरीपटावर, पोस्टाच्या पावतीवर, कुठेही. इथे ती वेलांटी वरून निघून नीट खाली येऊन थांबली होती. एवढी नीट सही तिने जन्मात केली नव्हती. शेजारी नवऱ्याची सही, 'कृष्णात', वर कयत्तारच्या पोस्टाचा गोल शिक्का, शिक्क्याखाली पोस्टमास्तरने इंग्रजीत लिहिलेली ओळ, की हे पती-पत्नी आज सायकलवरून या गावातून गेले. तारीख सहा जानेवारी अठ्ठावन्न. तिने पान उलटलं. गंगैकोंडान, तीच तारीख. आणखी एक उलटलं. ताळैयूत्तू, तीच तारीख. तिन्ही पानांवर तीच शहाण्या मुलीसारखी वेलांटी. आणि सहा जानेवारीला गोदा सायकलवर नव्हतीच. कोविलपट्टीतून बाहेर पडताच ती रस्त्याकडेला कोसळली होती, आणि तिथून तिरुनेलवेलीच्या दवाखान्यापर्यंतचे चौतीस मैल एका लॉरीत मिरच्यांच्या पोत्यांवर, तापाने फणफणत, आडवी होऊन गेली होती.

रविवारची सकाळ होती. जयनगरात तेव्हा घरं कमी नि मोकळे प्लॉट जास्त. खिडकीतून पाहिलं तर समोर कुणीतरी आखून ठेवलेला पाया, त्यात उगवलेलं गवत आणि गवतात चरणारी कुणाची तरी म्हैस एवढंच दिसायचं. कृष्णात दोन्ही सायकलींची मागची चाकं घेऊन चामराजपेटला गेला होता, आउट काढून रिमा सरळ करून घ्यायला. पंधरा दिवसांनी, तीन जानेवारीला, दोघं दिल्लीला निघणार होती. बंगळूर ते दिल्ली, पती-पत्नी, सायकलवर. मराठी मंडळींनी एक समिती केली होती, आणि समितीचे चिटणीस अप्पासाहेब, पेन्शनीत निघालेले आणि त्यामुळे दिवसभर कामात असलेले गृहस्थ, निरोपसमारंभासाठी चार पानी पत्रक छापणार होते. तीन वर्षांपूर्वी दोघं बंगळुराहून कन्याकुमारीला सायकलने गेली होती, त्या वेळचे सगळे शिक्के गाव-तारखेनिशी त्यात द्यायचे ठरले. अक्षर चांगलं म्हणून यादी करायचं काम गोदाकडे आलं. ती मुलींच्या शाळेत शिकवत होती. फळ्यावरचं तिचं अक्षर पाहायला इन्स्पेक्टरसुद्धा थांबत.

त्या काळी लांब जाणारे सायकलवाले अशी वही बाळगतच. गावोगावचा पोस्टमास्तर, नाहीतर फौजदार, नाहीतर हेडमास्तर गाठायचा, शिक्का मारून घ्यायचा, खाली आपली सही करायची. गेलो होतो याला पुरावा काय, तर ही वही. ती कायम कृष्णातच्या पिशवीत, मेणकापडात गुंडाळलेली. समारंभात लोक मागून घेत, पण पहिली चार पानं पाहून परत देत. होसूर, कृष्णगिरी, धर्मपुरी झालं की माणसाला कंटाळा येतो. गोदानेही कधी पुढे चाळली नव्हती. सही करताना तिच्यापुढे यायचं ते तेवढ्यापुरतं कोरं पान, आणि तिरुनेलवेलीपासून तर कृष्णातने नवीच वही सुरू केली होती. पहिली भरली म्हणाला. आता तिने पाहिलं, भरली नव्हती. मागे सहा पानं कोरी होती.

गोदा उठली, आत गेली, पाण्याचा तांब्या हातात घेतला आणि न पिताच ठेवून परत आली. वही तिथेच उघडी होती. तिला वाटलं, आपण उगाच वेड्यासारखं करतोय. सही केली असेल. दोघांची लागते म्हणून केली असेल. नवरा बायकोच्या नावाची सही करतो, रेशनकार्डावर करतो, पार्सल सोडवताना करतो, त्यात काय मोठं? पण मन काही ऐकेना. लॉरी तीनदा थांबली होती. हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? त्या दिवसातलं तिला दुसरं काहीसुद्धा आठवत नव्हतं, एवढंच आठवत होतं. मिरच्यांचा खाट नाकात बसलेला, वर आभाळ पांढरंफटक, अंगाखालची पोती हलताहेत, आणि मग सगळं हलायचं थांबतं. थोडा वेळ काहीच नाही. मग कृष्णात पोत्यांवर चढून येतो, तिची मान उचलतो, ओठांना पाणी लावतो. पुन्हा हलणं. पुन्हा थांबणं. दुसऱ्या खेपेला शहाळं होतं. तिसऱ्या खेपेला ओला पंचा, कपाळावर. तीनदा त्या माणसाने एका अनोळखी ड्रायव्हरच्या हातापाया पडून लॉरी थांबवली, आपल्यासाठी, हे तिने शुद्धीवर आल्यावर मनात नीट घडी घालून ठेवलं होतं. संसारात कधी भांडण झालं, नव्हे, झालंच, तर ती ही घडी उलगडायची आणि तिचा राग उतरायचा.

आणि भांडणं का कमी झाली होती! लोकांना वाटतं जोडीने सायकलवर जाणं म्हणजे बागेत फिरणं. पहिल्या दिवशी होसूरपर्यंत दोघं गाणी म्हणत गेली. दुसऱ्या दिवशी तिची मांडी सोलवटली, तिसऱ्या दिवशी समोरून वारा लागला आणि चौथ्या दिवशी दोघं एकमेकांशी बोलत नव्हती. तो पुढे जायचा आणि मैलाच्या दगडाशी थांबून राहायचा; ती घामाघूम होऊन पोचली, की हा विसावलेला माणूस लगेच म्हणायचा, चल. म्हणजे विसावा सगळा त्याचा आणि दम सगळा हिचा. सेलमला खाकी पँट घातलेली बाई सायकलवरून आलेली पाहून पोरंसोरं मागे लागली, खेळ कधी आहे, तंबू कुठे लावणार, सर्कसवाले समजले. कृष्णात चिडला आणि ती हसतच सुटली. हसता हसता तोल जाऊन पडली, तर तो पहिल्यांदा सायकलचं हँडल वाकलं का ते बघायला धावला. हे तेव्हा तिने सगळ्यांना विनोद म्हणून सांगितलं होतं. आता खुर्चीत बसल्या बसल्या तिला तो विनोद वाटेना. पण नामक्कलच्या छत्रात, म्हणजे धर्मशाळेत, तिचे पाय सुजले, तर त्याने कुठूनसं मीठ आणि गरम पाणी आणून तासभर शेकले, हेही खरंच होतं. दिंडीगलच्या पुढचा उतार दोघांनी हात सोडून केला होता, शेजारी शेजारी, दीड मैल; तेवढं सुख तिला पुढे कुठल्याही खोलीत मिळालं नाही. एक आठवलं की दुसरं उलटून येत होतं. कशाच्या जोरावर काय खोडायचं हे तिला कळेना.

पानाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने काहीतरी होतं. ते तिने आतापर्यंत पाहिलंच नव्हतं. कृष्णात कारखान्यात ड्राफ्ट्समन. रेघ मारली तर तिची लांबी लिहिल्याशिवाय त्याचा हात पुढे जात नसे. प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात बारीक आकड्यांत त्याने लिहिलं होतं, पोचलो किती वाजता, निघालो किती वाजता. होसूरपासून प्रत्येक पानावर, एकही चुकलेलं नाही. या तीन पानांवरसुद्धा. खोटं लिहितानाही त्याला आकडा खोटा लिहिता आला नव्हता. कयत्तार, पंधरा मिनिटं. ताळैयूत्तू, दहा मिनिटं. गंगैकोंडान: पोचलो बारा-दहा, निघालो बारा-पन्नास.

चाळीस मिनिटं. ती उठली. आता घरात बसणं शक्य नव्हतं. तिने शेजारच्या वीणाची सायकल मागून घेतली, "स्वल्प काम आहे, आत्ता येते" म्हणाली आणि वही पिशवीत टाकून निघाली. कुठे, हे तिला ठाऊक नव्हतं. डॉक्टर काय म्हणाले होते ते तिला पॅडलगणिक ऐकू येत होतं. मलेरिया डोक्यात चढला होता, आणखी थोडा उशीर झाला असता तर आमच्या हातात काही राहिलं नसतं. हे वाक्य गेली तीन वर्षं कृष्णातच्या कौतुकाचं वाक्य होतं. वेळेवर आणलं हो यांनी! सगळे म्हणत. आणि तिला आता दिसत होतं, की ते आणखी थोडं म्हणजे किती, हे त्या माणसाला ठाऊक नव्हतं. ठाऊक नसताना त्याने त्यातली चाळीस मिनिटं खर्चून टाकली. एका शिक्क्यासाठी. त्याला मिरवायचं होतं आणि पोत्यांवर आपण होतो.

सायकल आपोआप चामराजपेटकडे वळली होती. तिचं माहेर तिथे. तीनशे वर्षांपूर्वी कुणी पूर्वज इकडे येऊन राहिले तेव्हापासूनचं घराणं, घरात मराठी, दारात कन्नड, देवापुढे संस्कृत. वडील भीमाचार्य. गोदाने निपाणीकडच्या एका मराठ्याच्या मुलाशी, तेही सायकलच्या क्लबात भेटलेल्या, नोंदणी पद्धतीने लग्न केलं तेव्हा त्यांनी आरडाओरडा केला नाही. एवढंच म्हणाले, की मला दोन मुली होत्या, आता एक आहे. पाच वर्षं तिने त्या घराचा उंबरा पाहिला नव्हता. कन्याकुमारीहून परत आल्यावर मोठी बहीण कमलाअक्का चोरून भेटायला आली. गोदा तेव्हा नुसती हाडं उरली होती. अक्का रडायला लागली, असल्या माणसाच्या नादी लागून जीव घालवणार होतीस म्हणाली, तेव्हा गोदाने तिला लॉरीची गोष्ट सांगितली. तीनदा थांबवली गं, अक्का. अक्काने ती घरी जाऊन सांगितली. अण्णा, म्हणजे वडील, ऐकून म्हणाले म्हणे, तीनदा? आणि पुढच्या गुरुवारी दोघांना जेवायला बोलावलं. कृष्णातला ओसरीवर का होईना, पाट मांडला. त्या एका गोष्टीवर तिचं माहेर परत उभं राहिलं होतं.

घराच्या कोपऱ्याशी ती थांबली. अक्का दारातच बसून तांदूळ निवडत होती. गोदाला पाहून हसली, ये, कॉफी टाकते म्हणाली. गोदा सायकलवरून उतरली नाही. तिला एकदम विचारावंसं वाटलं, की अण्णांना ती गोष्ट पुन्हा सांगायची झाली तर काय सांगशील? तीनदा थांबवली, एकदा पंधरा, एकदा चाळीस, एकदा दहा मिनिटं? पण अक्काच्या चेहऱ्यावर इतकं सरळ सुख होतं, की तिला बोलवेना. दिल्लीचं कुठवर आलं, अक्काने विचारलं. अण्णा म्हणे पंचांग काढून बसले होते, तीन तारीख प्रवासाला बरी नाही, चारला निघा म्हणताहेत. सांगायला त्यांना लाज वाटते म्हणून मला सांगितलं, अक्का म्हणाली. सरी, बरं, सांगते, असं म्हणून गोदा वळली. आपलेच दात आणि आपलेच ओठ, दाखवायचं तरी कुणाला.

त्या गल्लीच्या पुढच्याच चौकात सायकलचं दुकान होतं, जिथे आत्ता कृष्णात बसलेला असणार. ती तिथे गेली नाही. बाजाराच्या गर्दीतून बाहेर निघाली, बसवनगुडी मागे टाकली आणि बनशंकरीच्या देवळाच्या रस्त्याला लागली. तिथे पुढे वस्ती संपत होती, दोन्ही बाजूंना नाचणीची कापलेली रानं होती आणि रस्ता कनकपुऱ्याकडे उतरत होता. सवयीने पाय जोरात चालू लागले. पायांना नेहमीप्रमाणे बरं वाटत होतं आणि पायांचा तिला राग आला. शरीर किती बेइमान असतं! इकडे आपला जीव कासावीस आणि तिकडे पोटऱ्या म्हणतात, चल, आणखी एक मैल. हे वेड आपल्याला यानेच लावलं, की आधीपासूनच होतं? वही आपल्यालाही हवी होती ना? होसूरला पहिला शिक्का मिळाला तेव्हा कुणी नाचून घेतलं होतं? रात्री कंदिलापाशी आज किती गावं झाली हे कोण मोजायचं? तिने वेग वाढवला. म्हणून काय झालं, ती मनातल्या मनात कुणाशी तरी भांडत होती. मी गावं मोजली, मी काही मरणाऱ्या माणसाला उन्हात ठेवून पोस्टात गेले नाही. पण मग त्याने पाणी आणलं होतं ते? ते तर तिच्या ओठांना ठाऊक होतं. पाणी आणायला उतरला आणि समोर पोस्ट दिसलं म्हणून शिक्का घेतला, की शिक्क्याला उतरला आणि येताना लाज वाटून पाणी आणलं? बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं. आणि आतून कसं होतं हे त्याला तरी आज सांगता येईल का? एका बैलगाडीवाल्याने ओरडून तिला कडेला घेतलं तेव्हा तिला कळलं, आपण रस्त्याच्या मधोमध चाललो होतो. ती थांबली. दम लागला होता. दूरवर दगडफोड्यांचे हातोडे ऐकू येत होते. तिला फार रडावंसं वाटलं आणि रडू आलं नाही.

ती घरी परतली तेव्हा दुपार कलली होती. दोन्ही सायकली उलट्या करून ठेवलेल्या, चाकं बसवून झालेली, आणि कृष्णात एका चाकाला बोटाने गती देऊन कडेने निरखत होता. कुठे गेली होतीस, त्याने मान वर न करता विचारलं. आउट इतका सुंदर काढलाय, बघ, केसाइतका हलत नाही. गोदाने वीणाची सायकल परत देऊन हातपाय धुतले. मग टेबलाशी बसून वही उघडली.

"गंगैकोंडानला तुम्ही चाळीस मिनिटं काय करत होता?"

चाक फिरतच होतं. त्याने हात लावून ते थांबवलं. त्याने वहीकडे पाहिलं नाही, तिच्याकडेही नाही; कान मात्र हळूहळू लाल झाले. त्या क्षणापर्यंत गोदाला कुठेतरी आशा होती, की तो काहीतरी सांगेल, टायर फुटला होता, रेल्वेचं फाटक लागलं होतं, आणि आपण ते मानू. ती मानायला तयार बसली होती.

"पोस्टमास्तर जेवत होता," तो म्हणाला.

"आणि ड्रायव्हर?"

"त्याला मीच म्हटलं, तूही जेवून घे."

तो खाली जमिनीवर बसला, हातातला पाना तसाच. मग तो बोलायला लागला, थांबत थांबत, निपाणीकडच्या त्याच्या बोलीत, जी तो एरवी बंगळुरात कुणापुढे काढत नसे. तू झोपल्यासारखी दिसत होतीस, म्हणाला. ताप आहे, ताप काय येतोच वाटेत, मला म्हाईत नव्हतं किती चढलाय ते. पहिल्या गावाला खरंच पाण्याला उतरलो, समोर पोस्ट. म्हटलं मारून घेऊ. मग एक झाला की दुसरा सोडवेना. गोदाने विचारलं, पण लॉरीतून जाताना शिक्के कसले घेता? तेव्हा त्याने पहिल्यांदा वर पाहिलं.

"तू होसूरला काय बोलली होतीस, आठवून बघ. एक मैल जरी सुटला, तर चामराजपेटला तोंड दाखवणार न्हाई, म्हणालीस. मला वाटलं, तू बरी झालीस की पहिलं तेच विचारशील. मोडलं का, म्हणून."

ती बोलली होती. तिला ते वाक्य, ती जागा, होसूरच्या तळ्याकडेचा तो कठडासुद्धा आठवला. एवढंच नाही, दवाखान्यात डोळे उघडल्यावर तिने पहिला प्रश्न तोच विचारला होता. मोडलं का हो? आणि त्याने तिच्या केसांवरून हात फिरवत म्हटलं होतं, चौतीस मैलांचं काय घेऊन बसलीस. पिशवीतल्या वहीत तीन शिक्के असताना म्हटलं होतं. म्हणजे तो आपल्यासाठीच खोटं जमवून बसला होता, आणि ते दाखवायचं मात्र त्याला धैर्य झालं नाही. की हेही आत्ता, या क्षणाला, सुचलेलं? त्याचा चेहरा खरा होता. पण चेहरा सेलमलाही खराच होता, जेव्हा तो हँडलकडे धावला. गोदाला एकाच वेळी त्याला जवळ घ्यावंसं वाटलं आणि त्याच्या अंगाचा वाससुद्धा नको झाला. तीन वर्षं ती चौतीस मैल तुटल्याचा दोष उराशी घेऊन वावरली होती; सत्कारात हार पडला की मनात म्हणायची, माझ्यामुळे यांचा प्रवास मोडला. आणि यांनी तो कधीच जोडून ठेवला होता, तिला न सांगता, तिच्याच नावाने.

"तुम्हाला भीती नाही वाटली?" तिने विचारलं.

"वाटली," तो म्हणाला. "पोस्टमास्तर ताकभात खात होता. मी दारात उभा. तेव्हा वाटली. पण इतका वेळ थांबलो, आता शिक्का न घेता निघालो तर ती वीस मिनिटं फुकट जातील, असं वाटलं. म्हणून आणखी वीस थांबलो."

हे मात्र त्याला रचून सांगता आलं नसतं. गोदाला ते तिथल्या तिथे पटलं. असं कुणीही करतं. बस येत नाही म्हणून आपण तासभर उभं राहतो, आणि तास गेला म्हणून आणखी अर्धा. फक्त त्या वेळी पोत्यांवर कुणी पडलेलं नसतं.

तिने कागद पुढे ओढला आणि यादी लिहायला घेतली. फळ्यावरचं तिचं ते गोल, टपोरं अक्षर. होसूर, कृष्णगिरी, धर्मपुरी, सेलम. तो चाकाशी काहीबाही करत राहिला, पण लक्ष सगळं इकडे. कोविलपट्टीपाशी आल्यावर तिने नवी ओळ घेतली आणि लिहिलं: कोविलपट्टी ते तिरुनेलवेली, चौतीस मैल, लॉरीने. तो उठून मागे येऊन उभा राहिला होता. वाचून म्हणाला, अप्पासाहेब हे छापायचे नाहीत. गोदा म्हणाली, मग पत्रक नको. निरोपसमारंभाचे पाहुणे ठरलेत, तो म्हणाला, शामियाना सांगितलाय. गोदाने शाई वाळू दिली.

"बरं," तो शेवटी म्हणाला. "आधी जाऊन ते चौतीस मैल करून येऊ. आगगाडीत सायकली टाकू. दोघं जाऊ. मग दिल्ली."

"मी एकटी जाते. तुमचे शिक्के झालेत."

"एकटी? आणि वाटेत परत ताप आला तर?"

गोदाने लेखणी खाली ठेवली. बोलू नये असं तिला वाटत होतं, आणि बोलल्यावाचून पुढचं एक पाऊलही या माणसाबरोबर टाकता येणार नाही, हेही तिला दिसत होतं.

"आला तर," ती म्हणाली, "लॉरी सरळ दवाखान्यात जाईल."

बाहेर कुणीतरी म्हशीला हाकारत होतं. ती आवाज लांब जाईपर्यंत तशीच बसून राहिली. बोलून बरं वाटेल असं तिला वाटलं होतं. बरं काही वाटलं नाही. उलट आपण फार जोरात मारलं असं वाटलं, आणि तरीही एक शब्द परत घ्यावासा वाटेना. दिल्लीचं काय, चार तारखेचं काय, अण्णांना काय सांगायचं, यांतलं काहीच ठरलं नव्हतं. कृष्णातने पंच्याने हातांचं ग्रीस पुसलं. एकदा पुसलं, पुन्हा पुसलं. मग त्याने टेबलावरची लेखणी उचलली, कागद स्वतःकडे वळवला आणि लॉरीच्या ओळीखाली सही केली. फक्त स्वतःची.